कसं दुखतं, ते सांगा

९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

मी फोन मध्येच ठेवला म्हणून तू वहिनीजवळ तणतणलास, ते तिने मला कळवलं. तुझं बोलणं ऐकायचा मला लहानपणापासून कंटाळा आहे हे जगजाहीर आहे, पण या वेळी कारण ते नव्हतं. बोलायला तोंड उघडलं की माझ्या डाव्या गालात काहीतरी होतं. मग फोन कानाला धरवत नाही आणि 'नंतर करते' एवढंही म्हणता येत नाही. म्हणून हे पत्र. हात अजून शाबूत आहे.

उन्हाळ्यापासून चालू आहे. आधी वाटलं दाढ असेल. दातांच्या डॉक्टरांनी एक काढली, मग शेजारची काढली. दोन्ही चांगल्या होत्या, हे त्यांनी काढल्यावर सांगितलं. आता तिथे नुसतं भगदाड आहे आणि दुखणं जिथल्या तिथे. दात घासताना येतं, पंख्याखाली बसलं की येतं, कधी काहीच न करता येतं. पडद्यांच्या कारखान्यात सुईत दोरा ओवताना टोक ओठांनी ओलं करायची सवय आहे ना, त्याने तर हमखास. आता मी वाटीत पाणी घेऊन बसते आणि सगळ्या शिवणाऱ्या मला हसतात. बाईसाहेब दोऱ्याला अंघोळ घालतात म्हणे.

ह्यांनी शेवटी मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे नसांचे मोठे डॉक्टर आहेत. भला माणूस आहे, पण बाहेर रांग एवढी की आत जाऊन बसेपर्यंत उठायची वेळ होते. त्यांनी विचारलं, "कसं दुखतं, ते सांगा." मी म्हटलं, "बोललं की खूप दुखतं." ते म्हणाले, "खूप म्हणजे कसं?" मी म्हटलं, "म्हणजे फारच." दादा, ते पेन हातात धरून थांबले होते रे, आणि मला पुढे काही सुचेना. हे म्हणाले, "दाढ दुखते तसं असेल." डॉक्टरांनी तेच लिहिलं आणि दाढ दुखते त्याच्याच गोळ्या दिल्या.

मोठं यंत्र आहे तिथे, डोक्याच्या आतला फोटो काढतं. पण ते डॉक्टरांना गरज वाटली तरच. आता तीन डिसेंबरला बोलावलंय. नीट आठवून या, म्हणाले.

तू दर आठवड्याच्या अंकातून गोष्टींनी लोकांची झोप उडवून पोट भरतोस. भीती आणि यातना यांचं तुझं दुकानच आहे. मला चार वाक्यं लिहून दे. एवढं तरी कर बहिणीसाठी.

तुझी,
ठमी

१५ नोव्हेंबर

ठमाबाई,

अखेर आमच्या दुकानाची पायरी चढलात म्हणायच्या! इतकी वर्षं माझी एकही गोष्ट तू शेवटपर्यंत वाचली नाहीस. 'उगाच घाबरवतोस' म्हणून अंक मिटून ठेवायचीस. आणि आता गिऱ्हाईक होऊन दारात उभी.

पण उन्हाळ्यापासून दुखतंय आणि मला आत्ता कळवतेस? दोन दाढा काढून होईपर्यंत तुझ्या नवऱ्याने तरी एक ओळ टाकायची. जावईबापूंना सांग, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने दुखण्याचं निदान करू नये. मी काळजीत आहे, हे लिहून टाकतो आणि मग कामाला लागतो, कारण काळजी करायला लागलो की मला शब्द सुचत नाहीत.

हे बघ, 'खूप', 'फार', 'भयंकर' हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेत. ऐकणाऱ्याच्या कानावरून ते घसरून जातात. 'तो खूप घाबरला' असं लिहिलं की वाचक जांभई देतो. तो घाबरला हे सांगायचंच नाही. त्याच्या घशाला कोरड पडली, दाराची कडी हाताला लागेना, एवढं सांगायचं. बाकीचं वाचक आपल्या अंगावर घेतो. दुखण्याचंही तसंच. काहीतरी असं दे, की डॉक्टरचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला पाहिजे. हे घे:

'गालाच्या हाडाखालून कुणीतरी लाल तापलेली तार आत सरकवतं. घाई न करता. ती डोळ्याच्या मागे जाऊन थांबते. मग बाहेरचं टोक मुठीत धरून एकच हिसका. त्या हिसक्यात समोरची भिंत, खिडकी, माझं नाव, सगळं पांढरं होऊन जातं. तार निघून जाते, तरी मी हलत नाही. कारण ती गेलेली नसते. ती खोलीतच कुठेतरी असते आणि मी पुढचा श्वास कधी घेते याची वाट बघत असते.'

पाठ कर. 'घाई न करता' नंतर जरा थांब. 'माझं नाव' म्हणताना आवाज खाली ने. डॉक्टर माणूस आहे, दगड नाही.

माझा नायक तीन अंकांपासून तळघरात कोंडलेला आहे आणि संपादक म्हणतात, इतक्यात बाहेर काढू नका. त्यामुळे मीही तिथेच आहे.

तुझा,
दादा

२४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

पत्र कारखान्यात पोचलं, म्हणून अस्तराच्या गठ्ठ्याआड बसून वाचलं. वाचून रडले. मालकीणबाईंना वाटलं घरून काही वाईट कळलं. मी त्यांना कागदच दिला. त्यांनी वाचला आणि अर्ध्यावरच परत दिला. "असं होतं तुम्हाला?" म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावरचा पंखा बंद करायला लावला. ज्या पंख्यासाठी मी महिनाभर विनवत होते, तो तुझ्या एका परिच्छेदाने बंद झाला. तू काहीतरी भारी करतोस खरा.

ह्यांनी रात्रीच्या जेवणानंतर वाचला. मग उठून सगळी भांडी घासली.

एकच सांगते. ती तापलेली नाही रे. म्हणजे गारही नाही. तापलेलं वाटतं ते कळायला जरा वेळ लागतो ना, तेवढा वेळ इथे नसतोच. आणि कुणी सरकवत वगैरे नाही, ते एकदम असतं आणि मग नसतं. पण मला हे असं धड सांगता येत नाही, तुझं ऐकायला कितीतरी बरं आहे. तेच राहू दे.

पाठ झालंय. मोठ्याने म्हणता येत नाही, म्हणून ओठ न हलवता मनातल्या मनात म्हणते. चुण्या घालताना प्रत्येक चुणीला एक वाक्य. काल एका बैठकीच्या पडद्यात तुझी तार अथपासून इतिपर्यंत शिवून टाकली. ज्यांच्या घरी तो लागेल त्यांचं भलं होवो.

तुझी,
ठमी

३० नोव्हेंबर

ठमे,

बातमी ऐक आणि मग काय बोलायचं ते बोल.

या आठवड्याचा अंक बाहेर पडला आणि दुपारपर्यंत संपादकांचा फोन. त्यांच्या बायकोने म्हणे तो भाग वाचला आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद करायला एकटी जाईना. इतक्या वर्षांत संपादकांनी मला स्वतःहून फोन केल्याचं हे दुसरं उदाहरण. पहिला चुकून लागला होता.

तर सांगायचं असं की खलनायक तळघरात नायकाच्या गालाला हात घालतो, तिथे मी तुझी तार घातली. शब्द न शब्द. एकदा ते लिहून झाल्यावर त्याहून बरं काही सुचेचना. मी प्रयत्न केला, खरंच केला. आणि छापायला द्यायची वेळ झाली होती. रागावू नकोस. तो पुरुष आहे, दाढीवाला आहे, तुझा त्याच्याशी संबंध कुणाच्या बापाला कळणार नाही. उलट असं समज, की तुझं दुखणं आता गावोगावचे लोक वाचताहेत आणि हळहळताहेत.

तापलेली नाही म्हणतेस, ते मी विचारात घेतलं. पण न तापलेल्या तारेत दम नाही. वाचकाला ते लागत नाही.

अंक वेगळ्या टपालाने पाठवतो आहे. तीन तारखेला न डगमगता बोल. डॉक्टरांनी यंत्राची चिठ्ठी दिली की आधी मला कळव.

तुझा,
दादा

५ डिसेंबर

प्रिय दादा,

तीन तारखेला जाऊन आले.

मी सगळं म्हटलं. थांबायचं तिथे थांबले. दुसऱ्या वाक्याला ते खरोखरच आलं, पण वाटलं आता तोंड मिटलं तर सगळं विसरेन आणि डॉक्टर पेन खाली ठेवतील. म्हणून टेबलाची कड धरली आणि बोलत राहिले. चेहरा सरळ ठेवला. शेवटपर्यंत एक शब्द गळला नाही.

डॉक्टर माझ्याकडे इतकं लक्ष देऊन बघत होते की मला वाटलं, आता झालं, यांना कळलं. मग ते जरा हसले. टेबलाचा खण उघडून त्यांनी अंक काढला. तू पाठवलेला नव्हे, त्यांचा स्वतःचा. दर आठवड्याला घेतात. "बाई, हे मी कालच वाचलं. छान लिहितो हा माणूस," म्हणाले. मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे, त्याने माझ्यासाठीच लिहिलंय." हे बोलताना मला माझंच बोलणं खोटं वाटलं, तर त्यांना काय वाटलं असेल.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "असं होतं. वाचलेलं मनात घर करतं, आपल्यालाच होतंय असं वाटायला लागतं." आणि म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं, बोललं की दुखतं. आज तर न थांबता एवढं बोललात." त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. यंत्राचं नाव काढलं तर म्हणाले, त्याची गरज दिसत नाही.

घरी आले तर दारात तुझं पत्र पडलेलं होतं.

मी रागावलेली नाही. रागवायलाही गाल लागतो. आता मी काय बोलू, तेवढं सांग.

ठमी

१२ डिसेंबर

ठमे, माझे बाई,

काय लिहू. तुझं पत्र वाचलं आणि तसाच उंबऱ्यावर बसलो. वहिनीने पाणी आणून दिलं आणि पत्र वाचून ती माझ्याशी दोन दिवस बोललेली नाही. तिचं बरोबर आहे.

मी तुझ्या डॉक्टरांना पत्र लिहिलं आहे. मीच तो लेखक, ही माझी सख्खी बहीण, आधी तिचं दुखणं आणि मग माझी गोष्ट, असं सगळं क्रमाने सांगितलं. कितीतरी कागद फाडले. साधं लिहायला बसलो की तिसऱ्या ओळीला माझा हात आपोआप वळतो. 'माझी बहीण तडफडते आहे' असं लिहिलं, खोडलं. 'माझ्या बहिणीच्या डोळ्यांतला प्रकाश' असं काहीतरी लिहिलं, तेही खोडलं. शेवटी जे पाठवलं ते त्यातल्या त्यात सरळ आहे असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर आता माझाच भरवसा नाही.

मी तिकडे येतो. डॉक्टरांसमोर उभा राहतो, हवं तर त्यांचे पाय धरतो. फक्त हो म्हण.

दादा

८ जानेवारी

प्रिय दादा,

उत्तराला उशीर झाला. मनाच्या डॉक्टरांच्या नव्या गोळ्यांनी झोप येते, आणि झोपेतही ते येतंच, एवढंच की मला नीट जाग येत नाही. मागच्या आठवड्यात एका पडद्याला अस्तर उलटं लावलं. मालकीणबाई बोलल्या नाहीत, पण मशीनवरून उठवून मला हुक लावायला बसवलं. हुकांचं काही बिघडत नाही.

तुझं पत्र डॉक्टरांना पोचलं. त्यांनी ते माझ्या फाइलला अगदी वर टाचून ठेवलंय. आता जो कुणी फाइल उघडतो तो आधी ते वाचतो. मनाच्या डॉक्टरांनी वाचलं, औषधं देणाऱ्या मुलीने वाचलं, सुई टोचणाऱ्या बाईने वाचलं. "तुमचे बंधू लेखक का? अय्या!" असं प्रत्येक जण म्हणतो आणि मग माझ्या चेहऱ्याकडे असा बघतो, जणू मी आता काहीतरी छान बोलणार. मी काहीही सांगितलं तरी ते पाठ केलेलं वाटतं. दुखल्यावर तोंडातून 'आई गं' येतं ना, तेसुद्धा मी आता गिळते. कारण ते ऐकून लोक गोष्ट ऐकल्यासारखी मान हलवतात.

चावता येत नाही, म्हणून सगळं पातळ करून पिते. कपडे ढगळ झालेत. घरी सगळं बोलणं ह्यांचंच, माझ्या वाटचंही आणि स्वतःच्या वाटचंही. "तुला चहा हवा का? हो, हवा असेल," असं. पूर्वी ह्यांच्या तोंडून शब्द काढायला पक्कड लागायची.

तू येऊ नकोस. खरंच नको. तू आलास की माझ्याकडे बघशील, आणि बघता बघता तुला काहीतरी सुचेल. ते तुझ्या चेहऱ्यावर मला दिसेल. ते मला सहन होणार नाही, दादा. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खरं आहे म्हणून लिहिते.

तुझी,
ठमी

२६ जानेवारी

ठमे,

तू नको म्हणालीस तरी मी आलो होतो. गेल्या शनिवारी. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुझ्या कारखान्यासमोर ते चष्म्यांचं दुकान आहे, त्याच्या पायऱ्यांवर उभा राहिलो. आत यायचं धाडस झालं नाही. काचेतून तू दिसत होतीस. मांडीवर निळा पडदा होता आणि तू हुक लावत होतीस. किती बारीक झालीस गं. आधी मी तुला ओळखलंच नाही, कुणी म्हातारी बाई बसली आहे असं वाटलं.

मग ते आलं. मला कळलं ते एवढ्यावरून की तुझा हात हवेत थांबला. बाकी काहीच झालं नाही. तू ओरडली नाहीस, गाल धरला नाहीस, डोळेसुद्धा मिटले नाहीस. हुक धरलेला हात तसाच आणि तू समोर बघतेस. शेजारची बाई कात्री मागायला वळली, तुझ्या पुढ्यातून तिने कात्री घेतली आणि तिला काही कळलं नाही. थोड्या वेळाने तू तो हुक पुढच्या घरात घातलास आणि दुसरा उचललास.

माझी माणसं इतकी वर्षं किंचाळताहेत, नखांनी भिंती ओरबाडताहेत. त्यांतल्या एकालाही कधी काही दुखलेलं नाही, हे मला त्या पायऱ्यांवर कळलं. तुला भीती होती की मला काही सुचेल. काही सुचलं नाही. मी बस थांब्यावर बसून रडलो, आणि एक गृहस्थ मला तिकिटासाठी सुटे हवेत का विचारत होते.

तळघरातला माझा नायक तसाच सोडला आहे. संपादक चिडलेत, चिडू देत.

आता कामाचं. तुमच्याकडून दोन तासांवर दुसरं इस्पितळ आहे. तिथे एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत. वहिनीच्या मैत्रिणीला त्यांचा गुण आला. मी जावईबापूंशी बोललो, नऊ फेब्रुवारीची वेळ घेतली आहे. जुनी फाइल नेऊ नका. माझं नाव काढू नकोस. काही पाठ करू नकोस. मी काहीही लिहून देत नाही.

दादा

११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आधी भांडून घेते. चष्म्याच्या दुकानासमोर चोरासारखा उभा राहतोस? ती दुकानदारीण मला सांगत होती, "शनिवारी एक गृहस्थ आमच्या पायऱ्यांवर डोळे पुसत होते, त्यांना नंबर काढून द्यायला हवा होता." मी म्हटलं, "आमच्याकडचे नाहीत." आत यायचं होतंस. मी नको म्हटलं म्हणून तू कधीपासून ऐकायला लागलास?

परवा जाऊन आले. डॉक्टरीणबाई अगदी पोरसवदा आहे. मी खुर्चीत बसले आणि आता ती विचारणार म्हणून खुर्चीचे हात धरून ठेवले. पण तिने विचारलंच नाही. डोळे मिटायला सांगितले. म्हणाली, "मी चेहऱ्याला कापूस लावते. लागला की बोटं वर करा, बोलू नका." बोलू नका, असं म्हणाली, दादा.

उजव्या कपाळाला लावला, मी बोटं वर केली. उजव्या गालाला, हनुवटीला, बोटं वर केली. मग ती थांबली. मला वाटलं, काही आणायला उठली असेल. बराच वेळ झाला. शेवटी मीच म्हटलं, "करा ना सुरू." आणि डोळे उघडले.

ती समोरच होती. तिचा हात माझ्या डाव्या गालावर होता आणि कापूस टेकलेला होता. मला काहीच लागत नव्हतं.

तिचा चेहरा बघितला मी. घाबरली होती रे. मोठ्या माणसांसारखं लपवायला अजून शिकलेली नाही. आणि मला इतकं बरं वाटलं, काय सांगू तुला. उन्हाळ्यापासून जे मी कुणाला सांगू शकले नाही, ते तिच्या चेहऱ्यावर होतं. तिने तिच्या वरच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पुन्हा कापूस लावला, मग पिन टोचली. मग ते दोघं एकमेकांकडे बघून हळू आवाजात बोलायला लागले आणि संध्याकाळच्या आत माझा यंत्रातला फोटो काढून झाला.

मी बाहेर आले ती हसतच. हे बाकावर बसले होते. मी म्हटलं, "पटलं तिला." ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे दारात उभ्या असलेल्या तिच्याकडे बघितलं. उठायला म्हणून हात टेकला आणि परत बसले. तेव्हापासून एक शब्द बोललेले नाहीत. माझ्या वाटचाही नाही.

रिपोर्ट गुरुवारी आहे. जवळचं माणूस बरोबर आणा, म्हणाली. हे आहेतच, पण ह्यांना धरायला कुणीतरी हवं. तू ये.

तुझी,
ठमी